गवताचा गोल गठ्ठा आणि त्याला पेलणारा ट्रॅक्टर



काही दिवसांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींचे पत्र आले. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा मामा अमेरिकेत आयोवा राज्यात नोकरीला आहे. त्याने घरी एक छायाचित्र पाठवले. कापून मोकळे झालेले रान आणि त्यात जागोजाग पडलेले गवताचे अवाढव्य गोल गठ्ठे. एका गठ्ठ्याला टेकून मामा उभा, आणि गठ्ठा त्याच्या खांद्याला लागलेला. पोराने ते चित्र शाळेत आणले आणि साऱ्या वर्गाने गुरुजींना एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, हे उचलतं कोण?"

गुरुजींनी सांगितले की ट्रॅक्टर उचलतो. पुढे ते पत्रात लिहितात, "माझ्या भावाचा पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आहे. त्याच्या माहितीपत्रकात लिफ्टची ताकद १५०० किलो छापली आहे. मोठ्यातला मोठा गठ्ठा म्हणे साडेसहाशे किलोचा. तेव्हा आमचा ट्रॅक्टरही तो सहज उचलील, असे मी मुलांना सांगितले. बरोबर सांगितले ना?"

गुरुजींचे उत्तर अर्धे बरोबर आहे. गठ्ठा उचलला जाईल. पण उचलल्यावर तो ट्रॅक्टर चालवणाऱ्याचे ऐकेल की नाही, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्या निराळ्या प्रश्नापायी तिकडच्या मुलखात माणसे प्राणाला मुकली आहेत. म्हणून आज त्याविषयीच बोलू.

प्रथम हा गठ्ठा आला कुठून ते पाहू. गवत वाळवून त्याची वळकटी करायची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या उमो ल्यूबेन या गृहस्थांनी १९१० साली अशा यंत्राचे पेटंट मिळवले. पुढे अॅलिस-चाल्मर्स कंपनीने त्याच धर्तीवरचे यंत्र १९४७ साली बाजारात आणले. पण त्यातून निघणारे गठ्ठे लहान, माणसाने हाताने उचलावेत असे. त्या काळी बहुतेक शेतकरी चौकोनी गठ्ठेच बांधीत. तेही हातानेच गाडीत फेकायचे, हातानेच माळ्यावर रचायचे. उन्हाळ्याच्या ऐन तापात हजार-दोन हजार गठ्ठे म्हणजे घरच्या आणि शेजारच्या साऱ्या तरण्या पोरांची पाठ मोडायचे काम. पुढे पोरे शहरांकडे गेली आणि हात कमी पडू लागले. तेव्हा आयोवातल्याच पेला या गावी गॅरी व्हर्मीर यांच्या कारखान्यात १९७१ साली एक नवे यंत्र तयार झाले. त्यातून निघणारा गठ्ठा इतका मोठा, की तो हाताने उचलण्याची गोष्टच नको. एकट्या माणसाने कापायचे, एकट्याने बांधायचे, एकट्यानेच न्यायचे. पोराचा मामा ज्या मुलखात राहतो त्याच मुलखातली ही करामत आहे, हे गुरुजींनी वर्गात जरूर सांगावे.

मजुराचे काम वाचले खरे. पण जे ओझे दहा माणसांच्या पाठीवर वाटून जात होते ते सगळे एका ट्रॅक्टरवर येऊन पडले.

आता हे ओझे किती? इथे सातवी-आठवीतल्या मुलांना घ्यायला उत्तम हिशेब आहे. गठ्ठा म्हणजे आडवी पडलेली वृत्तचिती. तिकडे तीन मापे फार दिसतात. धाकटा गठ्ठा सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद आणि तेवढाच उंच. मधला १.२ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच. थोरला दीड मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. चांगले वाळलेले, घट्ट बांधलेले गवत घनमीटरमागे साधारण १६५ ते १७० किलो भरते. मधल्या गठ्ठ्याचे घनफळ काढा. त्रिज्या ०.७५, तिचा वर्ग ०.५६, गुणिले ३.१४, गुणिले रुंदी १.२. आले सुमारे २.१ घनमीटर, म्हणजे वजन झाले ३५० किलो. थोरल्याचे काढा. घनफळ ३.८, वजन साडेसहाशे. धाकटा सव्वादोनशेच्या आसपास राहतो.

बघा, मधल्यापेक्षा थोरला गठ्ठा उंचीला फक्त एक फूट जास्त आणि रुंदीलाही एकच फूट जास्त. डोळ्यांना फरक थोडा वाटतो, वजन मात्र जवळजवळ दुप्पट. त्रिज्येचा वर्ग होतो ना, तिथेच माणूस फसतो. आणि हा हिशेब वाळलेल्या गवताचा. तिकडे ओलसर गवत बांधून वरून प्लास्टिक गुंडाळतात आणि त्याचे मुरघास करतात. त्या गठ्ठ्यात निम्मे पाणीच असते, तेव्हा दिसायला मधला गठ्ठा तोलायला थोरला निघतो. म्हणून ट्रॅक्टर निवडताना पहिला प्रश्न कितीच्या अश्वशक्तीचा, हा नव्हेच. आपण वर्षातला सर्वांत जड गठ्ठा कोणता उचलणार, हा आहे.

गठ्ठा उचलायची रीत साधी आहे. ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडतो त्या तीन टोकांच्या जोडणीवर एक लोखंडी चौकट बसवतात. चौकटीला तीन-चार फूट लांबीचा, टोकदार, पोलादी भाला असतो. ट्रॅक्टर मागे घेत न्यायचा, भाला गठ्ठ्याच्या सपाट बाजूत मधोमध खुपसायचा, लिफ्ट वर करायची आणि चालू लागायचे. ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी प्रचारात आणली. १९३९ साली फोर्ड कंपनीच्या ट्रॅक्टरवर ती आली आणि नंतर जगभर पसरली. आज आपल्या गावात उभा असलेला ट्रॅक्टरही तिच्यावाचून नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी मला माझ्या लहानपणच्या बैलगाडीकडे जावे लागेल.

आमच्या घरी कडब्याची गाडी भरताना वडील स्वतः गाडीत उभे राहत. पेंढी कुठे टाकायची ते सांगत. मागे जास्त झाले की खालून आजोबा ओरडत, "अरे, उलाळ होतीय!" उलाळ म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. आखाच्या मागे ओझे जास्त झाले की गाडीची दांडी वर उठते, जू बैलांच्या मानेवरून उचलते आणि जुपण्या त्यांच्या गळ्याला काचतात. एकदा चढावर आमची गाडी अशी उलाळली. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांनी मला उचलून पुढे दांडीवर बसवले आणि दोन गड्यांनी धुऱ्याला लोंबकळून गाडी वर काढली. बैलांचे डोळे मला अजून आठवतात.

ट्रॅक्टरची गोष्ट अगदी हीच आहे. मागची मोठी चाके म्हणजे गाडीचा आख. मागे भाल्यावर लटकलेला गठ्ठा म्हणजे मागे भरलेला कडबा. आणि बैलांच्या जागी आहेत पुढची दोन लहान चाके. फरक एवढाच, की बैल ओरडतो, चाक ओरडत नाही. ते मुकाट्याने हलके होत जाते आणि आपण स्टिअरिंग फिरवले की जमिनीवरून नुसते घसरते.

हिशेब करून पाहू. समजा ट्रॅक्टरचे वजन २००० किलो आहे. त्यातले ८०० किलो पुढच्या चाकांवर आणि १२०० मागच्यांवर. पुढच्या आणि मागच्या आखांत अंतर दोन मीटर. मागच्या आखापासून लिफ्टच्या टोकांपर्यंत एक मीटर, पुढे चौकट वीतभर, आणि मग गठ्ठ्याची निम्मी रुंदी. मधला गठ्ठा घेतला तर त्याचा मध्य मागच्या आखापासून १.७५ मीटरवर येतो, आपण १.७ धरू. ३५० गुणिले १.७ भागिले २, म्हणजे जवळजवळ ३०० किलो भार पुढच्या चाकांवरून उचलला गेला. भाल्याच्या चौकटीचे १०० किलो आणखी ५५ किलो उचलतात. पुढे उरले ८०० वजा ३५५, म्हणजे ४४५ किलो.

हे पुरेसे आहे का? युरोपात यंत्रांच्या पुस्तिकांतून एक नियम छापलेला असतो. मागे काहीही लटकवले तरी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान एक-पंचमांश भार पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे. आपल्या ट्रॅक्टरचा एक-पंचमांश ४०० किलो. तेव्हा मधला गठ्ठा सपाट जमिनीवर, सावकाश, जेमतेम चालेल.

आता थोरला घ्या. तो रुंद आहे, म्हणून त्याचा मध्यही आणखी मागे जातो, १.९ मीटरवर. ६५० गुणिले १.९ भागिले २, सुमारे ६१७ किलो. चौकटीचे ५५ मिळवा. ८०० मधून ६७२ गेले, पुढे उरले १२८ किलो! दोन टनांच्या यंत्राची दिशा दोन धडधाकट माणसांच्या वजनावर अवलंबून. बांधावरून चाक चढले, थोडा चढ लागला, क्लच झटकन सुटला, की पुढची चाके अधांतरी. आणि बरे का, लिफ्टने या सगळ्यात काहीच कुरकूर केलेली नसते. तिची १५०० किलोची ताकद खोटी नाही. ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. गठ्ठ्याचा मध्य त्या टोकांच्याही मागे असल्यामुळे प्रत्यक्षात ती कमी पडते हे खरे, पण तरीही साडेसहाशे किलो उचलण्याइतकी बहुधा असते. ताकद आहे, तोल नाही. गुरुजींचा अर्धा भाग चुकला तो इथे.

कुणी म्हणेल, पुढे वजने लावू. लावावीतच. नाकाशी, पुढच्या आखाच्या दोन फूट पुढे २०० किलोच्या बिडाच्या पाट्या लावल्या तर पुढच्या चाकांवर २६० किलो वाढतात, कारण तिथेही तरफच काम करते. मधल्या गठ्ठ्याला मग ७०५ किलो पुढे राहतात आणि ट्रॅक्टर आरामात चालतो. थोरल्याला मात्र १२८ आणि २६० मिळून ३८८. नियमाला अजून बारा किलो कमी, आणि तेही सपाटीवर. म्हणजे हा ट्रॅक्टर थोरल्या गठ्ठ्याचा नव्हेच. आपल्याकडे मागच्या टायरांत पाणी भरायची चाल आहे. नांगरटीला ते चांगले, पण मागच्या गठ्ठ्याच्या उलाळीवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. ते पाणी आखावरच बसलेले असते, पुढे दाब देत नाही.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. एक लांब लाकडी पट्टी घ्या. तिच्याखाली दोन पेन्सिली आडव्या ठेवा, एक पुढच्या टोकाशी आणि एक मध्याच्या जरा मागे. पुढच्या पेन्सिलीवर, पट्टीखाली, कागदाची एक चिठ्ठी सरकवा. पट्टीच्या मागच्या टोकाला दोऱ्याने खडू बांधत जा, एक, दोन, तीन. दर खेपेस एका मुलाला चिठ्ठी ओढून पाहायला सांगा. आधी ती घट्ट असते, मग सैल होत जाते. आणि एका खडूला अशी वेळ येते की पट्टी तशीच दिसते आहे, पण चिठ्ठी अलगद निघून येते. ड्रायव्हरला स्टिअरिंग "एकदम हलके लागले" असे वाटते ना, ती हीच वेळ. मुलांना एवढे बोटांनी कळले की पुष्कळ झाले.

मागचा भाला झाला. दुसरी रीत पुढच्या लोडरची. ट्रॅक्टरच्या पुढे दोन बाहू बसवतात आणि त्यांच्या टोकाला भाला. यात सोय मोठी. गठ्ठा डोळ्यांसमोर राहतो, मान मागे वळवावी लागत नाही, एकावर एक रचता येतो, ट्रॉलीत ठेवता येतो. म्हणून तिकडचा बहुतेक शेतकरी लोडरच पसंत करतो. पण जोखीम इथेच जास्त आहे, आणि ती मी जरा सविस्तर सांगतो.

पुढे ओझे घेतले की तरफ उलट फिरते. आता पुढची चाके दबतात आणि मागची हलकी होतात. पुष्कळशा ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. म्हणजे उतारावर पुढे गठ्ठा घेऊन निघालेल्या माणसाने ब्रेक दाबला तर जी चाके थांबायची तीच जमिनीवर नीट टेकलेली नसतात. चाक थांबते, ट्रॅक्टर घसरत जातो. यावर उपाय एकच, मागे भारदस्त वजन. तिकडचे जुने जाणते शेतकरी काय करतात? मागच्या भाल्यावर एक गठ्ठा आधी घेतात आणि मग पुढे दुसरा. एका फेरीत दोन गठ्ठे जातात आणि तोलही साधतो. कावडीचा न्याय! लोडरवाल्याने चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर घ्यावा असे मी म्हणेन. पुढचा आख मजबूत असतो, पुढे दबलेली चाकेही ओढीला लागतात, आणि जोड चालू असली की मागच्या ब्रेकचा धरलेला जोर पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो.

दुसरी जोखीम उंचीची. गठ्ठा डोक्याच्या वर उचलून ट्रॅक्टर चालवला तर सारा तोल वर जातो. एका बाजूचे चाक खळग्यात गेले की ट्रॅक्टर कुशीवर पडतो. म्हणून गठ्ठा नेताना जमिनीपासून हात-दीड हातच वर ठेवायचा, समोरचे दिसेल एवढा. रचायच्या जागी पोहोचल्यावरच उचलायचा.

आणि तिसरी सर्वांत वाईट. भाला नसलेल्या, साध्या मातीच्या बादलीवर गठ्ठा उचलायचा मोह होतो. बादली वर गेली आणि मागे कलली, की गठ्ठा, तो गोलच की, लोडरच्या बाहूंवरून गडगडत सरळ चालकाच्या अंगावर येतो. साडेतीनशे किलो. अमेरिकेत असे मृत्यू झाले आहेत, आणि त्यानंतर तिथल्या कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा बजावले आहे की भाला किंवा चिमट्याखेरीज गोल गठ्ठा लोडरवर घेऊ नका. वस्तू गोल आहे हे माणूस विसरतो. २०१० साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात एका शेताच्या उतारावरून सुमारे सहाशे किलोचा गठ्ठा सुटला, कुंपण ओलांडून खालच्या रस्त्यावर आला आणि एका जाणाऱ्या व्हॅनवर पडला. आत एका नामांकित वाद्यवृंदातले पूर्वीचे सेलोवादक होते. ते जागीच ठार झाले. रस्त्याने आपल्या वाटेने चाललेला माणूस! तेव्हा उतारावर गठ्ठा ठेवायचा तर त्याची सपाट बाजू उताराकडे करून ठेवायचा. हे लहान पोरालाही सांगता येते.

ट्रॅक्टरवर, उलटला तरी चालकाला चिरडू न देणारी चौकट असावी. स्वीडनने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरांना ती सक्तीची केली, आणि तिथे उलटून मरणाऱ्यांची संख्या पुढे फार घटली. पण चौकट असून कमरेला पट्टा नसेल तर माणूस चौकटीबाहेर फेकला जातो, मग तिचा उपयोग काय? पट्टा बांधायचा. आपल्याकडे तो सीटखाली गुंडाळून ठेवलेला दिसतो.

आता अश्वशक्ती. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण दुकानदार तिलाच पुढे करतो. गठ्ठा उचलून पाच-दहा मैलांच्या वेगाने नेण्याला अश्वशक्ती फारशी लागतच नाही. तीस-पस्तीसची पुरते. लागते ते वजन, आखांतले अंतर, टायरांची आणि पुढच्या आखाची मजबुती. चाळीस अश्वशक्तीचा जुना जड ट्रॅक्टर पंचावन्नच्या नव्या हलक्या ट्रॅक्टरपेक्षा या कामाला सरस ठरतो. ज्याला गठ्ठा बांधायचाही आहे त्याची गोष्ट वेगळी. बांधणीचे यंत्र पी.टी.ओ. वर फिरते, ते शक्ती खाते. पण नुसते न्यायचे असेल तर मी म्हणेन, मधल्या गठ्ठ्याला दोन ते अडीच टनांचा, आणि थोरल्याला तीन टनांच्या वरचा ट्रॅक्टर पाहावा. खाली उतरू नये.

लोडरच्या कामात पुढे-मागे, पुढे-मागे शेकडो वेळा करावे लागते. क्लच न दाबता दिशा बदलणारी दांडी असेल तर पाय वाचतो आणि क्लचही. पॉवर स्टिअरिंग हवेच. हायड्रॉलिकचा पंप मिनिटाला किती तेल देतो तेही विचारावे. कमी देत असेल तर बाहू गोगलगाईसारखे उठतात.

हे सारे आकडे मिळायचे कुठे? विक्रेत्याच्या रंगीत पत्रकात नाही. इथे एक जुनी हकीकत सांगतो. नेब्रास्कात विल्मट क्रोझियर नावाचे शेतकरी होते. जाहिरातीवर विसंबून घेतलेल्या ट्रॅक्टरांनी त्यांना चांगलाच हात दाखवला. हे गृहस्थ पुढे राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले आणि १९१९ साली त्यांनी कायदाच करून घेतला, की ज्या कंपनीला या राज्यात ट्रॅक्टर विकायचा असेल तिने तो आधी विद्यापीठाकडून तपासून घ्यावा. १९२० साली लिंकन शहरी पहिली तपासणी झाली. तिथले अहवाल आजही जगभर मानतात. आपल्याकडे हे काम मध्य प्रदेशात बुदनी येथे केंद्र सरकारच्या संस्थेत चालते. त्या अहवालात ट्रॅक्टरचे एकूण वजन, पुढे किती, मागे किती, आखांतले अंतर, आणि लिफ्ट टोकाशी किती उचलते व टोकाच्या मागे किती, हे सगळे असते. वर आपण केलेला हिशेब त्या चार आकड्यांवर कोणालाही करता येईल. गुरुजींनी भावाच्या ट्रॅक्टरचा अहवाल मागवून तो वर्गातच करावा.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर आणखी एक तपासणी फुकटात होते. भाल्यावर गठ्ठा किंवा तेवढेच वजन उचला, इंजिन बंद करा आणि निवांत चहा पिऊन या. परत येईतो ओझे थोडे उतरले असेल तर चालते. जमिनीला टेकले असेल तर लिफ्ट आतून गळते आहे. मग पुढचे चाक हातांनी धरून हलवा. खुळखुळ झाली तर पुढच्या आखाच्या बुशांचे पैसे किमतीतून वजा करा.

लांबचा पल्ला असेल तर गठ्ठे ट्रॉलीवर जातात. मधले दहा गठ्ठे म्हणजे साडेतीन टन, वर ट्रॉलीचे वजन. दोन टनांचा ट्रॅक्टर ते ओढतो, पण उतारावर तेच त्याला ढकलते. वेग दुप्पट केला तर थांबायला चौपट अंतर लागते. चढ ज्या गिअरात चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हा आपल्या ऊसवाल्या ड्रायव्हरांचा नियम इथेही लागू.

आता शेवटचे. गुरुजींनी पत्राच्या तळाशी लिहिले आहे, की गावातल्या दूध संस्थेत कुणी मोठे गठ्ठे बांधायचे यंत्र आणावे असे म्हणतो आहे, तर आपले मत काय?

आपल्याकडे भाताचा पेंढा, उसाचे पाचट बांधायला लहान यंत्रे फिरताना दिसतात. त्यांतला लहान गोल गठ्ठा वीस-पंचवीस किलोचा असतो, बाईमाणूसही तो उचलते. मोठ्या गठ्ठ्याला ट्रॅक्टर एकदा लागत नाही, दोनदा लागतो. एकदा देणाऱ्याच्या रानात आणि एकदा घेणाऱ्याच्या गोठ्यात. ज्याच्या दावणीला पाच जनावरे आहेत त्याला दिवसाला पस्तीस किलो सुकी वैरण लागते. साडेतीनशे किलोचा गठ्ठा त्याला दहा दिवस पुरेल. पण तो गोठ्यात आणायचा कसा? बोळातून ट्रॅक्टर येत नाही. दारात पडलेला गठ्ठा रोज सोलून न्यायचा, आणि मधेच पाऊस आला तर वरचा वीतभर थर कुजायचा. दीड मीटरच्या गठ्ठ्याच्या बाहेरच्या वीतभर थरात त्याची निम्म्याच्या जवळपास वैरण असते. मुलांना हाही हिशेब घालावा, त्रिज्येचा वर्ग पुन्हा कामाला येईल.

संस्थेचा स्वतःचा शंभर जनावरांचा गोठा असेल, त्यावर छप्पर असेल, आणि अडीच टनांचा ट्रॅक्टर भाल्यासकट दारात असेल, तर मधल्या मापाचे यंत्र आणायला हरकत नाही. थोरल्या मापाच्या वाटेला जाऊ नये. आणि वैरण सभासदांच्या घरोघर वाटायची असेल तर लहान गठ्ठ्याचेच यंत्र बरे. गुरुजींच्या भावाच्या ट्रॅक्टरवर ते आज आहे तसे चालेल.